पचवतो गडी!

नमस्कार श्रोतेहो.

धाब्यावर, हळदीच्या मांडवामागे, कुठंही चार पिणारे बसले की त्यातल्या एकाचं हमखास कौतुक होतं. "याला किती पण पाजा, चढतच नाही. पचवतो गडी!" आज मला या पचवण्याबद्दलच बोलायचंय.

पचवायचं काम पोटाचं, फार तर लिव्हरचं, अशी आपली समजूत. रोज पिणाऱ्याचं लिव्हर दारू थोडी जास्त वेगानं निकालात काढतं, हे खरं. पण खरी गोम मेंदूत आहे. दोघांच्या रक्तात दारूचं प्रमाण सारखं असलं, तरी नवशिका झोकांड्या खातो आणि मुरलेला सरळ चालत घरी जातो. दारू तेवढीच आहे. बदलल्यात त्या चेतापेशी.

कॅल्शियम म्हटलं की आपल्याला हाडं, दूध, नाचणी आठवते. चेतापेशीचं त्याच्याशी निराळंच नातं. पेशीच्या बाहेर कॅल्शियम असतं ते आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट जास्त. एवढी गर्दी थोपवून धरायची, तर दारं पक्की हवीत. पेशीच्या पातळ आवरणात प्रथिनांची तशी दारं असतात, त्यांनाच कॅल्शियम चॅनेल म्हणतात. विजेची सूक्ष्म लहर आली की ती क्षणभर उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि पेशी जागी होते, शेजारच्या पेशीला निरोप धाडते.

दारू पोहोचली की यातली बरीच दारं नीट उघडत नाहीत. कॅल्शियम कमी येतं, निरोप मंदावतात. दारूचे मेंदूवर इतरही परिणाम असतात. शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा जोर ती वाढवते, चेतवणाऱ्या ग्लुटामेटचा कमी करते. पण ते राहू द्या, आपण दारांपाशीच थांबू.

१९८६ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. उंदराच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत झालेल्या गाठीपासून वाढवलेल्या, चेतापेशींसारख्या वागणाऱ्या पेशी त्यांनी घेतल्या. त्यांच्यावर दारू घातली तेव्हा अपेक्षेप्रमाणे आत जाणारं कॅल्शियम कमी झालं. मग त्याच पेशी त्यांनी काही दिवस दारूतच ठेवल्या. आता उलटंच दिसलं. पेशींनी नवी दारं बसवून घेतली होती! असलेली दारं अडखळतात ना, मग संख्या वाढवा. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये, दारूची सवय लावलेल्या उंदरांच्या मेंदूतही अशी वाढ आढळली.

म्हणजे ज्याला आपण पचवणं म्हणतो, ती पेशीनं केलेली तडजोड आहे. आणि ती तडजोड दारू आहे तोवरच जमून येते.

आता समजा, दारू एकदम बंद झाली. दारांवरचा दाब गेला, पण जादा दारं तिथंच आहेत. सगळी धडाधड उघडायला लागतात. मेंदू नको इतका चेततो. शेवटच्या पेल्यानंतर सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत काहींना भिंतीवर किडे दिसतात, माणूस घरच्यांना ओळखत नाही. यात जीवही जातो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि देशभरातली दारूची दुकानं एका रात्रीत बंद झाली, ते आठवतंय? केरळात तर सरकारनं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू द्यायचं ठरवलं. डॉक्टरच त्याविरुद्ध उभे राहिले आणि उच्च न्यायालयानं तो आदेश थांबवला. तेव्हा चेष्टा बरीच झाली. मला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. ज्यांचे हात थरथरत होते, त्यांचा तो निव्वळ नखरा नव्हता.

म्हणूनच "कोंडून ठेवा दोन दिवस, आपोआप सुटेल" हा घरगुती उपाय रोज भरपूर पिणाऱ्यावर करू नका. डॉक्टर अशा वेळी काही दिवस मेंदू शांत ठेवणारी औषधं देतात आणि ती हळूहळू कमी करतात. सोबत बी-१ जीवनसत्त्व देतात. कुणी विचारेल, मग ती दारंच बंद करणारी गोळी का नाही देत? रास्त प्रश्न. ब्लडप्रेशरसाठी अनेक जण घेतात ती ॲम्लोडिपिन त्याच कुळातली. उंदरांमध्ये या कुळातल्या एका औषधानं फिट थोपवली होती. माणसांसाठी मात्र तो ठरलेला उपचार झालेला नाही, तेव्हा आजोबांची बीपीची गोळी कुणाला देऊ नका.

आणखी एक. दारू सुटली की ही जादा दारं पेशी हळूहळू काढून टाकते. महिना-दोन महिने कोरडा राहिलेला माणूस या बाबतीत पुन्हा जवळजवळ नवशिका झालेला असतो. त्याला स्वतःला ते ठाऊक नसतं, मित्रांनाही नसतं. एखाद्या लग्नात ते त्याला जुन्याच मापानं भरून देतात, कारण त्यांच्या लेखी तो अजून पचवणारा गडीच असतो.