सीबीआर येईपर्यंत

मुलांनो आणि पालकहो,

चिपळूणला मी 28 वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. दर जूनला तेच तीन प्रश्न कानावर येतात. मुलगा म्हणतो, मला हे आवडतं. आई म्हणते, मार्क तर त्या विषयात आहेत. वडील विचारतात, पुढे नोकरीचं काय? तिघांचंही खरं असतं, म्हणूनच घरात भांडणं होतात.

एकाला ॲस्ट्रोफिजिक्स करायचं होतं. ओढ खरी होती, पण ती व्हिडिओ बघून लागलेली. नारायणगावजवळ खोडद आणि आसपासच्या भागात रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 डिश उभ्या आहेत. तिथल्या माहितीवर काम करणाऱ्यांचे दिवस आकाश बघण्यात नाही, तर संगणकावर आकडे साफ करण्यात जातात. मी विचारलं, "इंटिग्रेशनची गणितं सोडवायला बसतोस का?" तो म्हणाला, "टाळतो, सर." म्हटलं, सुट्टीभर रोज दोन तास बस, मग ठरव. महिन्याभराने तो आला. "कंटाळा आला, पण अर्धवट सोडून उठवेना." मी त्याच्या वडिलांना सांगितलं, याला फिजिक्सला घाला.

आता मार्क. बीएस्सीला आलात की बारावीच्या टक्क्यांबद्दल फारसं कुणी विचारत नाही. पदवीचे मार्क मात्र पहिल्या सेमिस्टरपासून मोजले जातात आणि तिथे ठरावीक उंबरठे आहेत. चार वर्षांच्या पदवीत चौथं वर्ष संशोधनासह करायचं तर आधीच्या सहा सेमिस्टरना 75 टक्के लागतात. एमएस्सी करून नेट, म्हणजे प्राध्यापकी आणि संशोधनासाठीची पात्रता परीक्षा, द्यायची तर खुल्या वर्गाला एमएस्सीत 55. नव्वद टक्क्यांसाठी जीव काढण्यापेक्षा हे आकडे आधी माहीत करून घ्या. पहिलं वर्ष 'सेट होण्यात' घालवलेली हुशार मुलं तिसऱ्या वर्षी दीड-दोन टक्क्यांसाठी रडताना मी पाहिली आहेत. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि पगार. जेआरएफ, म्हणजे संशोधन करणाऱ्याला मिळणारी फेलोशिप, मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं, म्हणजे पीएचडी करणारं पोर घरावर ओझं नसतं. पण जेआरएफ सगळ्यांना मिळत नाही, हेही पालकांनी आजच ऐकून ठेवावं. आपल्याकडे लोटे-परशुरामला रासायनिक कारखाने आहेत. तिथे क्वालिटी कंट्रोलच्या मुलाखतीला गेलेली आमची मुलं परत येऊन सांगतात, "सर, एचपीएलसी हाताळलंय का, हेच आधी विचारलं." एचपीएलसी म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र. म्हणून कॉलेज निवडताना इमारत बघू नका. प्रयोगशाळेत जा आणि उपकरणांवरचं कापड कधी निघतं ते तिथल्या मुलांना विचारा.

ज्यांचं केमिस्ट्री घ्यायचं मनात आहे त्यांनी या शनिवारी आमच्या प्रयोगशाळेत यावं. मी असेन. ब्युरेट, म्हणजे द्रव थेंबथेंब सोडणारी मापनळी, हातात घ्या आणि सीबीआर, म्हणजे पुन्हा पुन्हा तेच माप, येईपर्यंत उभे राहा, चार वेळा चुकलं तरी. मग आपण फॉर्म भरायला बसू.