गंजीफ्रॉकातला राजा

मंडळी, नमस्कार. नाट्यगीतांच्या पाठोपाठ मी ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडच्या गायकावर, फ्रेडी मर्क्युरीवर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगांत जरा चुळबुळ झाली, ती दिसली मला! पण हा गडी पाचगणीला शिकलेला, एवढं सांगितलं की आपल्याकडे त्याला लगेच प्रवेश मिळतो.

जन्म १९४६ चा, झांझिबारचा. मूळ नाव फारुख बलसारा, घर पारशी. सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात असताना मुलांनी ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला होता. त्यात हा पियानो वाजवायचा. पुढे उभा राहून गाणारा मुलगा दुसराच! नंतर मुलाखतींत तो पाचगणीविषयी फारसं बोलत नसे, तेव्हा ‘आपला, आपला’ म्हणताना आपणही जरा बेतानंच घ्यावं.

१९६४ मध्ये झांझिबारात क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब लंडनजवळ फेल्टमला आलं. तिथून पुढे ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइनचं शिक्षण आणि ‘क्वीन’चा ड्रमर रॉजर टेलर याच्या जोडीनं केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुन्या कपड्यांचा गाळा. लोक म्हणतात, फ्रेडी भडक होता. होताच की! पण त्या भडकपणामागे रंग-रेषांची शिकलेली नजर होती. ‘क्वीन’चं बोधचिन्ह त्यानंच काढलं, तेही चौघांच्या राशी बघून: दोन सिंह, एक खेकडा आणि कन्या राशीच्या स्वतःसाठी दोन पऱ्या.

१९७५ मध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ आलं. जवळपास सहा मिनिटांचं, ध्रुवपद नाही, मध्येच ऑपेरा. एवढं लांबलचक गाणं रेडिओवर कोण लावणार, अशी शंका काढली गेली. ब्रिटनमध्ये ते सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

मला मात्र थांबायचंय ते १३ जुलै १९८५ वर. लंडनचं वेम्बली स्टेडियम, इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीचा ‘लाइव्ह एड’ कार्यक्रम. सत्तर हजारांवर माणसं, आणि लख्ख उजेड, म्हणजे दिव्यांची कमाल दाखवायची सोयच नाही. अंगात पांढरा गंजीफ्रॉक, साधी जीन्स, हातात तो अर्धाच माइकचा दांडा. वेळ वीसेक मिनिटं. गाण्यांच्या मध्येच त्यानं नुसत्या आलापी केल्या आणि अख्ख्या मैदानानं त्या जशाच्या तशा परत म्हटल्या. चित्रफीत काढून बघा. ज्यांना पॉप-रॉकचं वावडं आहे त्यांनी तर जरूर. पुढच्या वर्षीच्या दौऱ्यात तो मुकुट आणि राजाचा पायघोळ झगा घालून यायचा. त्याची गरज नव्हती हे वेम्बलीत सिद्ध झालंच होतं. हौस, दुसरं काय!

एरवी माणूस बुजरा. मांजरांत रमणारा. एड्स झाल्याचं त्यानं २३ नोव्हेंबर १९९१ ला जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी, ४५ व्या वर्षी, तो गेला. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच वेम्बलीत साथीदारांनी त्याच्या स्मरणार्थ मोठा कार्यक्रम केला; त्यानंतर उभा राहिलेला मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट एड्सविरोधी कामाला आजही पैसा पुरवतो.