'हितं काय लिहू?'

श्रोतेहो, नमस्कार.

पोलीस भरती निघाली की सांगलीतल्या झेरॉक्सच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका सकाळी एक पोरगा माझ्याकडे आला. मैदान मारून थेट आलेला, बुटांना तांबडी माती. अर्ज पुढ्यात ठेवून त्यानं एका रकान्यावर बोट टेकवलं. यापूर्वी गुन्हा दाखल झाला होता काय? "मॅडम, हितं काय लिहू?"

पंधराव्या वर्षी जत्रेत मारामारी झालेली. मोठ्यांसोबत याचंही नाव गेलं. बाल न्याय मंडळानं समज देऊन सोडलं.

पोलिसांच्या कागदावर अशा मुलाला 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. शब्द उच्चारताना जीभ अडखळते, पण 'आरोपी'पेक्षा बरा. 2015 च्या बाल न्याय कायद्यानं अशा मुलाची नोंद कायमची राहू नये अशी सोय केली आहे. मोठ्यांसोबत केलेलं नसेल तर किरकोळ प्रकरणात एफआयआर नाही. ठाण्याच्या डायरीत नोंद आणि सोबत मुलाच्या घरची, शाळेची माहिती. प्रकरण चालू असो की निकाली निघालेलं, कलम 74 प्रमाणे चारित्र्य दाखल्यासाठीसुद्धा पोलिसांनी ती नोंद उघड करायची नाही. कलम 24 म्हणतं, त्या निकालामुळे मूल कशालाही अपात्र ठरत नाही. पुढं ठरावीक मुदतीनं कागदच नष्ट करायचे. सोळा वर्षांवरच्या मुलाला निर्घृण गुन्ह्यात बाल न्यायालयानं दोषी ठरवलं असेल, तरच गोष्ट वेगळी.

"कायदा तुझ्या बाजूनं आहे," मी म्हटलं, "पण टेबलापलीकडच्या माणसानं तो वाचलेला असेलच असं नाही. मंडळाच्या आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल काढ आणि जोड."

ठाण्यातला कागद फाडता येतो, मोबाईलमधला कसा फाडायचा? अशा मुलाचं नाव, फोटो, शाळा छापली किंवा पसरवली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गावच्या ग्रुपच्या ॲडमिनला हे कुणी सांगितलेलं नसतं. मूल हरवलं की फोटो फिरवावाच लागतो, तिथं एक तासही दवडू नये. पण मूल घरी येऊन वर्ष झालं तरी तोच फोटो फिरत राहतो, हेही मी पाहिलंय.

त्या पोराची निवड यादी अजून लागायची आहे. पहाटे तो कृष्णेच्या घाटाकडं पळायला जातो. जत्रेतला त्याचा एक जुना फोटो परवा गावच्या ग्रुपवर कुणीतरी पुन्हा टाकला. खाली लिहिलं होतं, 'साहेब निघाले भरतीला.'