बसमधली कांतारं आणि केसरबाई

नमस्कार मंडळी, चहा झाला असेल तर बसा जरा.

फोंडा-मडगाव मी कितीतरी वर्षं बसने केलंय, आणि आपल्या गोव्यातल्या प्रायव्हेट बसचं तुम्हाला माहितीच आहे, ड्रायव्हरला आवडेल तेच आख्ख्या बसने ऐकायचं. आमच्या ड्रायव्हरला तियात्रातली, म्हणजे आपल्या कोकणी नाटकातली, कांतारं म्हणजे गाणी भारी प्रिय. ट्रंपेट, ड्रम, आणि मधेच आवाज चढवून गाणारा माणूस. मी नाट्यपदांच्या घरात वाढलेली, बाबा जत्रेच्या नाटकात गायचे, त्यामुळे हे गाणं नव्हेच, नुसती आरडाओरड असं धरून मी खिडकीकडे तोंड करून बसायचे.

मग एकदा बोरीच्या पुलापाशी ट्राफिकमधे अडकलो, बस बंद, खिडकीतून वारा नाही, आणि करायला दुसरं काही नाही म्हणून शब्द कानात गेले. मतं मागायला हात जोडून आलेला पुढारी आणि नंतर कोरडा पडलेला नळ, एवढीच गोष्ट, पण शेवटच्या ओळीत त्याने ती अशी काही फिरवली की आख्खी बस हसली. मीपण हसले, काय करणार!

तियात्रात दोन पडद्यांच्या, म्हणजे अंकांच्या, मधे ही कांतारं येतात, नाटकाच्या गोष्टीशी त्यांचा संबंध असेलच असं नाही, सरकारला चिमटे काढायची ती हक्काची जागा. पहिलं तियात्र झालं १८९२ साली, मुंबईत. आणि गंमत बघा, त्याच १८९२ मधे आपल्या केरीच्या केसरबाई केरकर, शास्त्रीय संगीतातल्या मोठ्या गायिका, जन्मल्या. दोघी एका वयाच्या, पण एकीला आम्ही देव्हाऱ्यात बसवलं आणि दुसरी आम्हाला बसमधेसुद्धा नको होती.

केसरबाईंची भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर एका तबकडीवरून अंतराळात गेली हे आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच पाहिजे. पण त्या तबकडीवर संगीताचे एकूण २७ तुकडे आहेत, त्यात बाख आहे, बीथोव्हन आहे आणि चक बेरीचं चक्क रॉक अँड रोल पण आहे, हे आपण सांगत नाही.

आमची आई म्हणायची जुनी हिंदी गाणीच खरी, ते इंग्लिश बँडबाजा नको. आता त्या जुन्या गाण्यांत व्हायोलिन, ट्रंपेट, सॅक्सोफोन वाजवणारे कितीतरी जण गोंयकारच, चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून मुंबईला गेलेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. आईला सांगितलं तर म्हणाली, ते वेगळं. कसं वेगळं ते काही तिने सांगितलं नाही.

सगळंच आवडलं पाहिजे असं नाही हां. ट्रान्स, ते किनाऱ्यावरच्या पार्ट्यांतलं इलेक्ट्रॉनिक संगीत, मला अजून जमत नाही. मुलाने हेडफोन लावून दिले, दहा मिनिटं ऐक म्हणाला, पाच मिनिटं नुसता एकच ठोका, मग लक्षात आलं की खालून काहीतरी हळूहळू बदलत होतं आणि मला ते कळलंच नव्हतं. तसं गणेशचवथीला घुमट आणि शामेळ ही आपली तालवाद्यं तापली की आरतीचे शब्द तरी कोण ऐकतो, सांगा? किनाऱ्यावर रात्री तीनला लाउडस्पीकर लावतात त्याबद्दल मात्र माझं मत अजून तेच, नको म्हणजे नको, पण ते भांडण आवाजाचं, संगीताचं नव्हे.

तर आता आधी केसरबाईंची भैरवी ऐकूया. तिच्यानंतर काय लावू म्हणून मुलाला विचारलंय, त्याने दोन नावं लिहून दिलीत, त्यातलं एक मला उच्चारता येत नाहीये, तेच लावते.