पानथरी वाढली आहे, पण ताप नाही: सीएमएलच्या नव्या रुग्णाची लक्षणे

नमस्कार. दापोलीपासून दोडामार्गापर्यंत कुठेही पानथरी (प्लीहा, म्हणजे पोटात डाव्या बाजूला बरगड्यांखाली असलेला अवयव) वाढलेला रुग्ण आला, की पहिला विचार हिवतापाचा होतो आणि कोकणात तो रास्तच आहे. परंतु ताप नसताना डाव्या बरगडीखाली जडपणा राहत असेल, थोडे खाल्ले तरी पोट भरत असेल, वजन उतरत असेल आणि थकवा हटत नसेल, तर क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजेच सीएमएल या रक्ताच्या कर्करोगाचीही शंका घ्यायला हवी.

या आजारात तपासणीत सर्वाधिक आढळणारे चिन्ह म्हणजे वाढलेली पानथरी. काही रुग्णांत ती थेट बेंबीपर्यंत पोहोचलेली असते. पाश्चात्त्य देशांत अनेक रुग्ण कोणतीही तक्रार नसताना नेहमीच्या रक्ततपासणीत सापडतात, आपल्याकडे मात्र बहुतेक जण तक्रारी वाढल्यावरच येतात आणि त्यांत तिशी-चाळिशीतले पुष्कळ असतात. आंब्याच्या हंगामात राबणारा असा तरुण थकव्याचा दोष उन्हाला आणि कामाला देतो, हे स्वाभाविकच आहे.

खरी गफलत रक्ताच्या रिपोर्टपाशी होते. पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटर रक्तात साधारण ४,००० ते ११,००० असाव्यात. सीएमएलमध्ये त्या अनेकदा १ लाखाच्याही पुढे जातात. हा आकडा पाहून ‘इन्फेक्शन आहे’ असे म्हणत अँटिबायोटिकचे कोर्स देत राहणे योग्य नव्हे, कारण साध्या संसर्गात पेशी ५०,००० ओलांडतात ते क्वचितच. अशा वेळी काचपट्टीवरील रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. त्यात अपक्व ते पक्व अशा सर्व टप्प्यांवरील पेशी दिसतात आणि बेसोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढलेले असतात. माझ्या मते, हे बेसोफिलच सर्वांत बोलका पुरावा असूनही रिपोर्ट वाचताना त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. हिमोग्लोबिन बहुधा कमी, तर प्लेटलेट पुष्कळदा वाढलेल्या असतात.

निदान पक्के होते ते बीसीआर-एबीएल या जनुकाच्या चाचणीने. क्रमांक ९ आणि २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन हे जनुक तयार होते. बहुतेक रुग्ण निदानाच्या वेळी क्रॉनिक, म्हणजे संथ गतीच्या पहिल्या टप्प्यात असतात, आणि २००१ मध्ये आलेल्या इमॅटिनिबच्या गोळ्यांपासून त्यांचे आयुर्मान खूपच वाढले आहे.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांना एक विनंती: रुग्णाला मुंबईला किंवा बांबोळीला (गोव्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात) पाठवण्यापूर्वी पानथरी बरगडीच्या कडेखाली किती सेंटिमीटर उतरली आहे, ते मोजून चिठ्ठीवर लिहावे. वय, प्लेटलेट आणि ब्लास्ट (अगदी अपक्व) पेशींच्या प्रमाणाबरोबर आजाराची जोखीम ठरवणाऱ्या सोकल गुणांकात हे मापही धरले जाते, आणि पांढऱ्या पेशी कमी करणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू झाल्यावर पानथरी आक्रसू लागली, की मूळ माप पुन्हा मिळत नाही.