शितावरून भात

श्रोतेहो, नमस्कार.

तीस वर्षं मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. तिथे कुणी माझ्याकडे रडत आलं नाही, परीक्षेचा आदला दिवस सोडला तर. निवृत्त झाल्यावर मात्र एका सकाळी आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, स्वयंपाकघराच्या दारात अगदी रडवेल्या चेहऱ्याने उभे राहिले. हातात मोबाईल. पुढ्यात ठेवलेल्या पोह्यांवर शेव घातलेली, तरी त्यांनी बशीला हात लावला नाही. इंदुरात याला दुखणंच म्हणतात.

"वहिनी, आपला माणूस हरून राहिलाय. चार टक्के मागे आहे."

(आमच्या इंदुरी मराठीत माणूस हरत नाही, हरून राहतो. पुण्याच्या पाहुण्यांना हसू येतं. येऊ दे.)

आपला माणूस कोण, ते या माइकसमोर सांगायचं नसतं, आणि आजच्या विषयाला त्याची गरजही नाही. ज्याचा उमेदवार सर्व्हेत मागे पडतो त्याचं पोट सारखंच दुखतं, पक्ष कुठलाही असो.

मी विचारलं, "भाऊजी, किती लोकांना विचारलं?"

"हजार."

मग मी त्यांना बसवलं. हजारांचा नमुना अगदी नीट निवडला, तरी प्रत्येक आकडा साधारण तीन टक्के वर-खाली असू शकतो. दाखवलेले 43 खरे 40 असू शकतात, आणि तुमचे 39 खरे 42. चार टक्क्यांचं अंतर हा निकाल नव्हे, कल आहे. भाऊजींनी पोह्यांचा एक घास घेतला.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. सर्व्हे म्हणजे तेच. आणि ही परीक्षा खोटी नसते, हे मी आधीच सांगते. पातेलं पूर्ण खाल्ल्याशिवाय भात शिजला की नाही कळणार नाही, असं कुठलीही गृहिणी म्हणत नाही. पण शीत कुठून उचललं, आणि केव्हा उचललं, हे महत्त्वाचं. 1936 साली अमेरिकेत अध्यक्षाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने एक कोटीच्या आसपास मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून जास्त भरून परत आल्या. इतकी शितं कुणी कधी तपासली नव्हती! त्यावरून त्यांनी लँडन जिंकणार म्हणून सांगितलं आणि रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यं घेऊन गेले. नावं बरीचशी टेलिफोनच्या डिरेक्टरीतून आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतलेली. मंदीच्या त्या काळात टेलिफोन आणि मोटार कुणाकडे असणार? शिवाय उत्तर पाठवण्याइतका राग किंवा उत्साह ज्यांना होता, त्यांनीच पाठवलं. पातेलं मोठं, पण चमचा एकाच कडेला फिरला.

1948 मध्ये तिथल्याच निवडणुकीत चूक वेगळी झाली. ट्रुमन यांच्यापेक्षा ड्यूई पुढे आहेत असं पाहून सर्व्हेवाल्यांनी मतदानाच्या बरंच आधी विचारणं थांबवलं. अर्धवट शिजलेला भात चाखून गॅस बंद केला म्हणा. शिकागोच्या एका वर्तमानपत्राने तर 'ड्यूईंकडून ट्रुमन पराभूत' असा मथळा छापूनही टाकला. तोच अंक हातात धरून हसणारे, निवडून आलेले ट्रुमन तुम्ही छायाचित्रात पाहिले असतील.

आपल्याकडे तर भात नसतो, खिचडी असते. शहर, गाव, जात, भाषा, आणि प्रत्येक जागेचं वेगळं गणित. आपल्याच मध्य प्रदेशात 2018 साली भाजपला मतं किंचित जास्त पडली, जवळपास 41 टक्के, आणि जागा 109. काँग्रेसला मतं किंचित कमी, जागा 114. म्हणजे मतांची टक्केवारी तंतोतंत सांगितली असती तरी सरकार कुणाचं, हे चुकलं असतं. आणखी एक गोष्ट टक्केवारीत मावत नाही. सर्व्हेवाला ओट्यावर येतो, तेव्हा उत्तर सासरे देतात. सून आत कुकर लावत असते. तिचं मत तिच्याजवळ.

2024 च्या जूनमध्ये बहुतेक एक्झिट पोलांनी एनडीएला साडेतीनशेच्या वर नेलं होतं, मिळाल्या 293. ऑक्टोबरात हरियाणात त्यांनी काँग्रेस जिंकवली. तिथे भाजपला 90 पैकी 48 जागा मिळाल्या. चार महिन्यांत दोन्ही बाजूंचे चेहरे एकेकदा पडून पुन्हा उजळले.

इथवर ऐकून भाऊजी एवढे खूश झाले की मलाच काळजी वाटली. "म्हणजे सगळे सर्व्हे विकले गेलेले!" म्हणाले, आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तसं लिहायलाही बसले. मी मोबाईल काढून घेतला.

माझं मत स्पष्ट आहे, कुणाला आवडो न आवडो. सर्व्हे बरेचदा दिशा बरोबर सांगतात. मोठ्या फरकाने मागे असलेला माणूस बहुतेक वेळा हरतो. आपल्याला आवडतो तेवढाच आकडा खरा मानायचा, याला मी आशा म्हणत नाही. ते डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराचं काम. 2016 च्या अमेरिकन निवडणुकीत एका नावाजलेल्या अंदाजात ट्रम्प यांना शंभरात सुमारे 29 संधी दिली होती. लोकांनी ती शून्य समजून वाचली. शंभरात 29 म्हणजे किती? लुडोचा फासा टाकून सहा येण्याची संधी शंभरात सतराच, आणि सहा पडतोच ना? पण दर वेळी पडत नाही, हेही त्याच फाशावर लिहिलेलं आहे. भाऊजींच्या हाती मी एवढंच दिलं: तुमचा माणूस मागे आहे, आणि तो जिंकू शकतो. दोन्ही वाक्यं एका वेळी खरी आहेत.

जुन्या इंदुरात हे सर्व्हे नव्हते, राजवाड्यावर पैजा लागायच्या. गिरणी कामगारांचे होमी दाजी 1962 साली इथून अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले. आपल्या सुमित्राताई महाजन 1985 ची विधानसभा हरल्या होत्या. चार वर्षांनी लोकसभेला समोर प्रकाशचंद्र सेठी, माजी मुख्यमंत्री, माजी केंद्रीय गृहमंत्री. ताई जिंकल्या, आणि ती धरून सलग आठ वेळा. दाजी आणि ताई, दोघांचे विचार किती दूरचे! पैज लावणाऱ्यांचं काय झालं असेल ते असेल.

"मग मी करू काय?" भाऊजींचा खरा प्रश्न हा होता. चॅनेल दिवसातून एकदाच, तेही रात्री झोपताना नाही. आणि मतदारयादीत आपल्या वाड्यातली नावं आहेत का, ते बघा. राजस्थानात नाथद्वाऱ्याला 2008 साली सी. पी. जोशी एका मताने हरले, 62,215 विरुद्ध 62,216. ग्वाल्हेर दक्षिणला 2018 मध्ये फरक 121 मतांचा होता. एकशे एकवीस म्हणजे आपल्याकडच्या लग्नातली एक पंगत, तीही उशिराची.

भाऊजींनी यादी काढली. खालच्या मजल्यावरच्या दोन मुलांची नावं नव्हती, मुदत होती तोवर त्यांचे अर्ज भरवले. मतदानाच्या दिवशी सकाळी सातला ते इस्त्रीचा सदरा घालून तयार. वाड्यातल्या सगळ्यात वयस्कर आजींचा हात धरून जिना उतरवत होते, एकेक पायरी. आजींचं मत कुणाला जातं हे साऱ्या वाड्याला ठाऊक आहे, समोरच्याच माणसाला. भाऊजींनाही ठाऊक होतं.

"सांभाळून, आजी," ते म्हणत होते, "घाई नाहीये. रिक्षा उभी आहे."

नमस्कार.