हवाई प्रदर्शनातील लहान विमाने आणि आपले हात

श्रोतेहो, नमस्कार.

एरवी कुंपणापलीकडे दिसणारी दोन-चार आसनांची विमाने हवाई प्रदर्शनाच्या दिवशी अगदी हाताशी येऊन उभी राहतात. त्यांना स्पर्श करावासा वाटणे स्वाभाविक आहे, आणि आकाशात वारा झेलणारे यंत्र आपल्या बोटाने काय बिघडणार, असेही मनात येते. वस्तुतः विमानाच्या पंखावर हवेचा जो भार येतो तो सगळ्या पृष्ठभागावर पसरलेला असतो. एखाद्याने कोपर टेकले, की सारा भार एकाच ठिकाणी पडतो आणि तो पेलण्यासाठी तो पत्रा घडवलेलाच नसतो. लहान विमानाच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याची जाडी बहुतेक ठिकाणी एक मिलिमीटरही भरत नाही. टायगर मॉथ किंवा पायपर कब यांसारख्या जुन्या विमानांवर तर सांगाड्यावर ताणून बसवलेले कापड असते, आणि ते फाटायला गर्दीत वळणाऱ्या माणसाच्या पाठपिशवीची एक बक्कल पुरते.

पंखाखालून पुढे डोकावणारी एक बारीक नळी पुष्कळ विमानांवर दिसेल. तिला पिटॉट नळी म्हणतात. समोरून येणाऱ्या हवेचा दाब तिच्यातून घेतला जातो आणि त्यावरून वैमानिकाला वेग कळतो. ती मुलांच्या हाताच्या उंचीवर असल्यामुळे कोणी तिला धरून लोंबकळते, तर कोणी तिच्या तोंडात काडी घालून पाहते. ती वाकली किंवा बुजली, तर धावपट्टीवर वेग घेतानाच वेगदर्शक चुकीचा आकडा दाखवू लागतो. तिच्यावर लाल पट्टीचे आवरण घातलेले असते ते याचसाठी. ते आठवण म्हणून काढून नेणारे महाभागही असतात.

प्रोपेलरच्या बाबतीत प्रश्न विमानाचा नसून माणसाच्या जिवाचा आहे. पिस्टन इंजिनाच्या बहुतेक लहान विमानांत इंधन पेटवणारी ठिणगी मॅग्नेटोपासून, म्हणजे फिरत्या चुंबकाने स्वतःच वीज तयार करणाऱ्या उपकरणापासून मिळते, आणि मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. स्विच बंद असले तरी मॅग्नेटोला विमानाच्या धातूच्या सांगाड्याशी जोडून त्याची ठिणगी थांबवणारी तार तुटलेली असल्यास, हाताने फिरवलेले पाते इंजिन सुरू करू शकते. पात्याला धरून छायाचित्र काढणाऱ्याला हे ठाऊक नसते.

समोरची काच बहुधा ॲक्रिलिकची असते. आत डोकावताना अंगठी टेकली की चरा पडतो. त्याहून वाईट म्हणजे भल्या मनाने कोरड्या रुमालाने ती पुसणारा पाहुणा, कारण रुमालाखालची धूळच काच खरवडते. मुलाला आसनावर बसवायचे असेल तर मालकाला विचारावे आणि आधी मुलाचे खिसे रिकामे करावेत. निसटलेले नाणे वा पेन फटीतून खाली जाऊन नियंत्रणाच्या दांड्यांत अडकू शकते.

आयोजक दोर बांधतात, पाट्या लावतात. माझ्या मते नुसत्या पाटीचा उपयोग थोडा. विमानाजवळ उभा राहून आपणहून बोलणारा एक माणूस दहा पाट्यांचे काम करतो, कारण पिटॉट नळी कशासाठी आहे हे एकदा समजले की तिला हात लावणारे फार उरत नाहीत. मुलांसाठी उड्डाणातून कायमचे काढलेले एखादे विमान वेगळे ठेवावे. त्यात बसू द्यावे, दांडा हलवू द्यावा, आणि बाकीच्या विमानांभोवतीचा दोर मुलांच्या गाड्या व सायकली आत शिरणार नाहीत इतक्या अंतरावर बांधावा.

इतके करूनही धक्का लागतोच. आपल्याकडून लागला, तर संकोच न करता मालकाला किंवा स्वयंसेवकाला लगेच सांगावे. फायबरच्या विमानात आतले थर सुटले तरी वरून काहीच दिसत नाही, आणि बहुतेक पाहुणी विमाने प्रदर्शन संपले की त्याच संध्याकाळी परत उडतात. वेळीच कळले, तर निघण्यापूर्वी ती जागा तपासून घेता येते.